त्वचेवरील वण सपाट, मऊ आणि फिका करण्यासाठी : ताज्या जखमेपासून शस्त्रक्रियेपर्यंत

जखमेवरची खपली गळून पडली की जखम बरी झाली, असे आपण धरून चालतो. त्वचेच्या आतले काम मात्र त्या वेळी निम्म्यावरही आलेले नसते. खोल जखमेची जागा तीन आठवड्यांनी मूळ त्वचेच्या फार तर ३० टक्के मजबूत झालेली असते, तीन महिन्यांनी ती सुमारे ८० टक्क्यांपर्यंत पोहोचते आणि त्यापुढे तिची मजबुती फारशी वाढत नाही. रंग, उंची आणि कडकपणा यांतला बदल वर्षभर, काही वेळा दोन वर्षेही चालू राहतो. वण कमी करण्याचे जे उपचार खरोखर उपयोगी पडतात, ते बहुतांशी या चालू कामाला वेळेवर वळण देणारे असतात. म्हणून कोणते मलम लावायचे हे विचारण्याआधी वण कोणत्या प्रकारचा आहे आणि किती जुना आहे, हे पाहायला हवे. कारण उंच वणाला दाबणारे औषध खोलगट वणाला आणखी खोल करू शकते.

वण पूर्णपणे नाहीसा करणारा उपचार आज उपलब्ध नाही, हेही आधीच सांगितलेले बरे. त्वचेचा सर्वांत वरचा थर, म्हणजे बाह्यत्वचा, तेवढीच खरचटली असेल तर ती जशीच्या तशी पुन्हा तयार होते आणि मागे वण राहत नाही. इजा तिच्याखालच्या अंतस्त्वचेत पोहोचली, की शरीर मूळ रचना उभारत बसत नाही. ते कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचे तंतू भराभर तयार करून जागा बुजवते. निरोगी त्वचेत हे तंतू एकमेकांत गुंफलेले असतात, वणात ते जाड जुडग्यांनी एकाच दिशेला पडलेले असतात. केसांची मुळे आणि घामाच्या ग्रंथी तिथे परत येत नाहीत. त्यामुळे वण सपाट व्हावा, मऊ व्हावा, आसपासच्या त्वचेच्या रंगाजवळ जावा आणि समोर बसून बोलणाऱ्याच्या नजरेत पटकन भरू नये, एवढे उद्दिष्ट ठेवावे. बहुतेक वणांच्या बाबतीत ते चिकाटीने गाठता येते.

वण ओळखावा कसा

दिवसाच्या उजेडात खिडकीजवळ अशा रीतीने बसावे, की उजेड बाजूने पडेल. समोरून येणारा झगझगीत प्रकाश खड्डे आणि उंचवटे दोन्ही लपवतो. मग डोळे मिटून बोटाचे टोक निरोगी त्वचेवरून वणावर आणि तिथून पलीकडच्या निरोगी त्वचेवर न्यावे. बोटाला काहीही फरक जाणवला नाही आणि डोळ्यांना फक्त रंग वेगळा दिसला, तर तो बहुधा वण नसून दाह ओसरल्यावर मागे राहिलेला डाग आहे. मुरूम, पुरळ, किडा चावणे किंवा हलके भाजणे यांनंतर असे तपकिरी डाग पडतात, सावळ्या त्वचेवर ते अधिक गडद असतात आणि अधिक काळ टिकतात. त्यांचा उपचार वणाच्या उपचाराहून पूर्ण वेगळा असल्यामुळे ही एक चाचणी पुष्कळ वेळ आणि पैसा वाचवते.

बोटाला उंचवटा लागला तर त्याची सीमा पाहावी. मूळ जखमेच्या रेषेतच राहिलेला, लालसर, घट्ट आणि खाजणारा उंचवटा असेल तर त्याला हायपरट्रॉफिक वण म्हणतात. तो जखम मिटल्यानंतर साधारण महिना-दोन महिन्यांत वर येतो, काही महिने वाढतो आणि नंतर अनेकदा आपणहून हळूहळू बसू लागतो. केलॉइड मात्र जखमेची सीमा ओलांडून शेजारच्या निरोगी त्वचेत पसरतो, कधी जखमेनंतर कित्येक महिन्यांनी सुरू होतो आणि स्वतःहून कमी होत नाही. छातीचा मधला भाग, खांदे, पाठीचा वरचा भाग, जबड्याची कड आणि कानाची पाळी या त्याच्या नेहमीच्या जागा आहेत. सावळ्या त्वचेच्या व्यक्तींत, तरुण वयात आणि घरात इतरांना केलॉइड असल्यास त्याची शक्यता वाढते. या दोहोंतला फरक महत्त्वाचा आहे, कारण हायपरट्रॉफिक वणाला थोडी वाट पाहण्याची मुभा असते. केलॉइडच्या बाबतीत वाट पाहणे म्हणजे त्याला वाढू देणे.

त्वचेच्या पातळीपेक्षा खाली गेलेले वण प्रामुख्याने मुरूम आणि कांजिण्या यांमुळे राहतात. सांध्यावरचा किंवा मानेवरचा वण आसपासची त्वचा ओढून धरत असेल, हात पूर्ण सरळ होत नसेल किंवा मान वळत नसेल, तर तो आखडलेला वण आहे. असे वण बहुधा खोल भाजल्यानंतर दिसतात आणि तिथे दिसण्यापेक्षा हालचालीचा प्रश्न आधी सोडवावा लागतो. पोट, मांड्या किंवा दंड यांवरच्या ताणखुणा लाल-जांभळ्या असेपर्यंत उपचाराला बऱ्यापैकी दाद देतात, पांढऱ्या झाल्या की फारच कमी.

ओळख पटल्यावर वणाचे छायाचित्र काढून ठेवावे. शेजारी मोजपट्टी धरावी आणि दर महिन्याला त्याच जागी, त्याच वेळी, तेवढ्याच अंतरावरून पुन्हा काढावे. रोज आरशात पाहणाऱ्याला संथ बदल दिसत नाही आणि त्यामुळे उपयोगी पडत असलेला उपचारही अनेक जण अर्ध्यावर सोडतात.

जखम ताजी असताना

वणाचे स्वरूप ठरवणारा सर्वांत मोठा घटक जखम भरायला लागलेला वेळ हा आहे. विशेषतः भाजलेली जागा दोन आठवड्यांच्या आत भरली तर जाड वण क्वचित राहतो, आणि तीन आठवड्यांहून अधिक काळ उघडी राहिली तर तो राहण्याची शक्यता पुष्कळ वाढते. म्हणून भाजल्यावर ती जागा लगेच वाहत्या गार पाण्याखाली २० मिनिटे धरावी. पहिल्या तीन तासांत हे केले तरी उपयोग होतो. बर्फ, टूथपेस्ट, शाई, लोणी यांपैकी काहीही लावू नये. बर्फाने आधीच दुखावलेल्या त्वचेचा रक्तपुरवठा आणखी घटतो आणि जखम खोल जाते. भाजलेली जागा दोन आठवड्यांत भरण्याची चिन्हे दिसत नसतील तर तिसरा आठवडा संपण्याची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवावे.

कापलेली किंवा खरचटलेली जखम स्वच्छ वाहत्या पाण्याने आणि सौम्य साबणाने धुवावी. आत माती किंवा खडीचे कण राहू देऊ नयेत, कारण ते त्वचेत बुजले गेले तर निळसर-काळी खूण कायमची राहते. हायड्रोजन पेरॉक्साइडसारखी फसफसणारी द्रावणे पुन्हा पुन्हा ओतल्याने जंतूंबरोबर नव्याने वाढणाऱ्या पेशीही मरतात. कडा उघड्या राहत असतील, रक्त थांबत नसेल, जखम चेहऱ्यावर असेल किंवा आतली चरबी दिसत असेल तर टाके त्याच दिवशी, शक्य तितक्या लवकर घालून घ्यावेत. धनुर्वाताच्या इंजेक्शनचीही तेव्हाच चौकशी करावी.

जखम उघडी ठेवून वाळू द्यावी, हा समज अजून घट्ट आहे. १९६२ साली जॉर्ज विंटर यांनी डुकरांवरील प्रयोगांतून दाखवून दिले, की ओलसर ठेवलेल्या जखमेवर नवी त्वचा कोरड्या, खपली धरलेल्या जखमेच्या जवळपास दुप्पट वेगाने चढते. नव्या पेशींना खपलीच्या खालून वाट काढावी लागत नाही, हे त्यामागचे कारण. त्यासाठी दिवसातून एकदा किंवा दोनदा जखम धुऊन, टिपून, तिच्यावर पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्यावा आणि न चिकटणारी पट्टी लावावी. प्रतिजैविक मलम प्रत्येक स्वच्छ जखमेला लागतेच असे नाही. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या, छोट्या शस्त्रक्रियांनंतरच्या जखमांच्या एका तुलनात्मक अभ्यासात साधी पेट्रोलियम जेली आणि बॅसिट्रॅसिनचे मलम यांत जंतुसंसर्गाच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. ॲलर्जीचा त्रास मात्र मलमाच्या गटात दिसला. लाली पसरत जाणे, पू, वाढती वेदना किंवा ताप दिसल्यास गोष्ट वेगळी. तेव्हा डॉक्टरांकडेच जावे, कारण संसर्ग झालेली जखम हमखास अधिक वाईट वण ठेवते.

टाके किती दिवस ठेवायचे हेही वणावर परिणाम करते. चेहऱ्यावरचे टाके साधारण ५ ते ७ दिवसांत, धडावरचे आणि हातापायांवरचे १० ते १४ दिवसांत काढतात. ते फार काळ राहिले तर रेषेच्या दोन्ही बाजूंना आडव्या खुणा पडतात, फार लवकर काढले तर जखम रुंदावते. धूम्रपान या काळात बंद ठेवावे, कारण त्याने त्वचेचा रक्तपुरवठा घटतो आणि जखम रेंगाळते. मधुमेह असल्यास साखर आटोक्यात ठेवावी, आणि आहारात प्रथिने व क जीवनसत्त्व कमी पडू देऊ नये. कोलॅजेन तयार होण्यासाठी दोन्ही लागतात.

जखम मिटल्यानंतरचे तीन महिने

या काळात स्वस्त, साध्या आणि कंटाळवाण्या उपायांनी जे साधते, ते पुढे महागड्या यंत्रांनीही अनेकदा साधत नाही. घरच्या उपचारांत निवड करायची झाली तर मी ताण कमी करणे, सिलिकॉन, मालिश आणि उन्हापासून संरक्षण या चार गोष्टींवरच वेळ खर्च करावा असे सुचवेन.

ताणाचा विचार आधी करावा. वणाच्या दोन्ही बाजूंची त्वचा सतत ओढली जात राहिली, की पेशींना अधिक कोलॅजेन तयार करण्याची चेतना मिळते. छाती, खांदा आणि गुडघा येथील वण म्हणूनच रुंद व जाड होतात. टाके काढल्यावर कागदी चिकटपट्टी वणावर अशी बसवावी, की दोन्ही बाजूंची थोडी थोडी त्वचा तिच्यात धरली जाईल. ती रोज बदलू नये. आंघोळीत ओली झाली तर टिपून कोरडी करावी आणि आपणहून सुटेपर्यंत, म्हणजे काही दिवस, राहू द्यावी. काढताना ती पाण्याने भिजवून त्वचेला समांतर, सावकाश ओढावी. झटक्याने उपटल्यास नवी त्वचा सोलली जाते. असे सुमारे १२ आठवडे करावे. पाठीवर किंवा खांद्यावर टाके पडले असतील तर निदान सहा आठवडे वजन उचलणे टाळावे.

सिलिकॉनचा वापर १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला भाजलेल्या रुग्णांच्या उपचारांतून पुढे आला, आणि घरी करता येण्याजोग्या उपायांत आजही तोच पहिल्या पसंतीचा मानला जातो. तो वणात शिरत नाही. वरून झाकण घालून त्वचेतून उडून जाणारे पाणी रोखतो, त्यामुळे वरच्या थरातला ओलावा टिकतो आणि खालच्या पेशींची कोलॅजेन तयार करण्याची घाई मंदावते. जखम पूर्ण मिटल्याशिवाय, म्हणजे स्राव आणि खपली दोन्ही संपल्याशिवाय, तो लावू नये.

सिलिकॉनची पट्टी वणापेक्षा सर्व बाजूंनी सुमारे एक सेंटिमीटर मोठी कापावी. खाली तेल किंवा मलम असेल तर ती धरत नाही, म्हणून त्वचा धुऊन पूर्ण कोरडी करावी. पहिले दोन दिवस चार-चार तास, मग वाढवत नेऊन दिवसाचे निदान १२ तास, आणि जमल्यास आंघोळीचा वेळ वगळून जवळजवळ पूर्ण दिवस ती लावून ठेवावी. रोज ती सौम्य साबणाने धुवावी, कापडाने न पुसता हवेत वाळू द्यावी. कापडाचे धागे चिकटले की तिची पकड जाते. खाली घामोळ्यासारखे पुरळ आले तर ते बसेपर्यंत थांबावे आणि पुन्हा कमी तासांनी सुरुवात करावी. चेहरा, सांधे आणि केसाळ भाग येथे पट्टी टिकत नाही, तिथे सिलिकॉनचे जेल दिवसातून दोनदा लावावे. त्याचा थर इतका पातळ हवा, की चार-पाच मिनिटांत वाळेल. त्यानंतरही बोटाला चिकट लागत असेल तर ते जास्त झाले आहे आणि उरलेले टिपून घ्यावे. दोन्हींपैकी काहीही वापरले तरी किमान दोन ते तीन महिने, आणि जाड वणासाठी सहा महिने सातत्य लागते.

मालिश टाके निघून जखम पक्की मिटल्यावर, साधारण दोन ते तीन आठवड्यांनी सुरू करावी. मलम अगदी थोडे घ्यावे, कारण बोट वणावरून घसरले तर मालिश वरच्या वरच राहते. बोटाबरोबर वण खालच्या थरांवर सरकला पाहिजे. अंगठ्याचा मऊ भाग वणावर ठेवून त्याचा रंग फिका पडेपर्यंत दाबावे, मग तो दाब तसाच ठेवून लहान वर्तुळे काढावीत, नंतर वणाच्या लांबीला आडवे आणि शेवटी उभे सरकवावे. काही आठवड्यांनी वण पुरेसा मऊ झाला, की तो दोन बोटांच्या चिमटीत हलकेच उचलून फिरवावा. दिवसातून दोन ते तीन वेळा, प्रत्येक वेळी पाच ते दहा मिनिटे पुरेशी आहेत. मालिशनंतरची लाली थोड्या वेळात ओसरायला हवी. ती टिकून राहिली, फोड आला किंवा त्वचा फाटली तर दाब जास्त होतो आहे. वण प्रत्येक मालिशनंतर अधिक लाल आणि उंच होत असेल तर मालिश थांबवून तज्ज्ञाला दाखवावे.

नवा वण उन्हात लवकर काळवंडतो आणि तो गडदपणा कित्येक महिने राहतो. पहिले वर्षभर तो कपड्याखाली राहील असे पाहावे, आणि ते शक्य नसेल तिथे ३० किंवा अधिक एसपीएफचे सनस्क्रीन लावून बाहेर असताना दर दोन तासांनी पुन्हा लावावे. आयर्न ऑक्साइड असलेले रंगीत सनस्क्रीन सावळ्या त्वचेसाठी अधिक उपयोगी असते, कारण अशा त्वचेला अतिनील किरणांबरोबर दृश्य प्रकाशही काळवंडतो आणि साधे सनस्क्रीन तो अडवत नाही. सिलिकॉन जेल आधी लावावे, ते वाळल्यावर सनस्क्रीन.

ई जीवनसत्त्वाच्या कॅप्सूल फोडून वणावर चोळण्याची पद्धत जगभर आहे. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात शस्त्रक्रियेनंतरच्या वणांवर तिने बहुतेकांना काही फायदा झाला नाही किंवा वण उलट वाईट दिसला, आणि सुमारे एक-तृतीयांश रुग्णांना तिथे ॲलर्जीचे पुरळ उठले. कांद्याच्या अर्काच्या जेलचे निष्कर्ष उलटसुलट आहेत. अपाय क्वचित होतो, पण त्यावर विसंबून सिलिकॉन बाजूला ठेवू नये. लिंबाचा रस आणि खायचा सोडा यांनी त्वचा जळते, आणि जळलेल्या जागी नवा डाग पडतो.

उंच वण आणि केलॉइड

सिलिकॉन आणि मालिश करूनही दोन महिन्यांत वण उंचावतच राहिला, किंवा त्याने जखमेची सीमा ओलांडली, तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे. नेहमीचा पहिला उपचार म्हणजे वणाच्या आत ट्रायमसिनोलोन या स्टेरॉइडचे इंजेक्शन. प्रति मिलिलिटर १० ते ४० मिलिग्रॅम इतक्या तीव्रतेचे औषध दर चार ते सहा आठवड्यांनी देतात. वण घट्ट असल्यामुळे इंजेक्शन दुखते, आणि त्यासाठी आधी बधिरतेचे मलम लावण्याची किंवा औषधात लिग्नोकेन हे बधिर करणारे औषध मिसळण्याची विनंती करायला संकोच करू नये. खाज आणि दुखणे बहुतेक वेळा आधी कमी होते, उंची नंतर. औषध वणाच्या बाहेर किंवा खाली गेले तर तिथली त्वचा पातळ होते, रंग जातो, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात. म्हणूनच वण सपाट झाल्याबरोबर इंजेक्शने थांबवतात. एकट्या स्टेरॉइडने भागत नसेल तर त्यात ५-फ्लुरोयुरासिल हे पेशींची वाढ रोखणारे औषध मिसळतात. गर्भावस्थेत ते देत नाहीत.

लहान केलॉइडसाठी द्रवरूप नायट्रोजनने गोठवण्याचा उपाय आहे, परंतु सावळ्या त्वचेवर त्याने पांढरा चट्टा राहू शकतो. लाल वणाची लाली ५९५ नॅनोमीटरच्या पल्स्ड डाय लेझरने उतरते. खोल भाजल्यानंतरच्या विस्तृत वणांवर मापाने शिवलेले, सतत दाब देणारे कपडे दिवसाचे २३ तास, किमान सहा महिने ते वर्षभर घालावे लागतात. ते गैरसोयीचे असतात आणि ते टिकवणे हे घरच्या सर्वांचेच काम होऊन बसते.

केलॉइड नुसता कापून काढू नये. केवळ शस्त्रक्रिया केल्यास निम्म्याहून अधिक केलॉइड परत येतात आणि अनेकदा आधीपेक्षा मोठे होऊन येतात. शस्त्रक्रिया करायचीच असेल तर तिच्यानंतर स्टेरॉइडची इंजेक्शने, कानाच्या पाळीवर दाबाची क्लिप किंवा पहिल्या दोन-तीन दिवसांत किरणोपचार, यांपैकी पुढचा टप्पा आधीच ठरलेला असावा. तो ठरलेला नसेल तर दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्यावे. एकदा केलॉइड झालेल्या व्यक्तीने हौसेखातर टोचून घेणे व गोंदवणे टाळावे, छाती-पाठीवरच्या मुरमांवर लवकर उपचार करावेत आणि कोणत्याही शस्त्रक्रियेआधी सर्जनला ही गोष्ट सांगावी.

मुरमांचे खड्डे

इथे पहिली पायरी अशी, की नवे मुरूम येणे थांबले पाहिजे. मुरूम चालू असताना खड्ड्यांवर खर्च करणे व्यर्थ आहे. मुरमांवरचे आयसोट्रेटिनॉइन हे औषध घेत असल्यास प्रक्रियेआधी ते सांगावे. सौम्य प्रक्रिया त्या काळातही करता येतात, पण संपूर्ण थर काढणाऱ्या लेझरसाठी किंवा त्वचा यंत्राने घासण्यासाठी औषध बंद केल्यावर काही महिने थांबतात.

गालाची त्वचा दोन बोटांनी हलकेच ताणून पाहावी. ताणल्यावर जे खोलगट भाग नाहीसे होतात, ते खालून तंतूंनी ओढून धरलेले लाटांसारखे खड्डे असतात. ताणूनही जे दिसत राहतात त्यांत दोन जाती आहेत : दोन मिलिमीटरपेक्षा अरुंद, सुईने टोचल्यासारखे खोल, आणि रुंद, उभ्या कडांचे, सपाट तळाचे. बहुतेक चेहऱ्यांवर तिन्ही एकत्र असतात, आणि म्हणूनच एकच प्रक्रिया पुरत नाही. लाटांसारख्या खड्ड्यांत त्वचेखाली सुई घालून ते तंतू तोडतात. या पद्धतीला सबसिजन म्हणतात आणि तिच्यानंतर काही दिवस काळेनिळे दिसते. अरुंद खड्ड्यांत तीव्र ट्रायक्लोरोॲसिटिक आम्ल, ७० ते १०० टक्के, बारीक टोकाने फक्त तळाशी लावतात किंवा तो खड्डा गोल पात्याने काढून टाका घालतात. हे आम्ल घरी वापरण्याची वस्तू नव्हे. रुंद खड्ड्यांच्या कडा फ्रॅक्शनल लेझर (बारीक ठिपक्याठिपक्यांनी त्वचेवर काम करणारा लेझर) किंवा मायक्रोनीडलिंगने मऊ होतात.

मायक्रोनीडलिंगमध्ये साधारण दीड ते अडीच मिलिमीटर लांबीच्या सुयांनी त्वचेला असंख्य बारीक छिद्रे पाडतात आणि ती भरताना नवे कोलॅजेन तयार होते. चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने तीन ते सहा वेळा ती करावी लागते. सावळ्या त्वचेत लेझरनंतर काळे डाग पडण्याची भीती अधिक असते, त्यामुळे तिथे अनेक तज्ज्ञ आधी मायक्रोनीडलिंग सुचवतात, आणि मलाही तोच क्रम शहाणपणाचा वाटतो. घरी वापरायच्या रोलरच्या सुया आखूड असतात, त्या वणाच्या थरापर्यंत पोहोचत नाहीत. लांब सुयांचा रोलर घरी वापरला तर संसर्ग आणि नवे वण यांचा धोका असतो. ओठांभोवती वारंवार हर्पिसचे (विषाणूमुळे येणारे) फोड उठत असतील तर लेझरआधी प्रतिबंधक गोळ्या घ्याव्या लागतात, म्हणून तेही सांगावे. नवे कोलॅजेन तयार व्हायला तीन ते सहा महिने लागतात; पहिले आठ-दहा दिवस त्वचा जी गुळगुळीत दिसते ती बहुतांशी सूज असते आणि ती उतरली की निराशा येते. उपचाराचा हिशेब सहाव्या महिन्याच्या छायाचित्रावरून करावा. हलक्या खड्ड्यांसाठी रात्री ०.३ टक्के ॲडापलीन हे रेटिनॉइड (अ जीवनसत्त्वाच्या जातीचे औषध) लावूनही काही महिन्यांत थोडी सुधारणा होते. गर्भावस्थेत ते वापरू नये.

सपाट डाग

हे डाग आपणहून जातात, पण महिने लागतात आणि खोलवरचे डाग वर्ष-दोन वर्षेही रेंगाळतात. ॲझेलेइक आम्ल १५ ते २० टक्के, नियासिनामाइड आणि रेटिनॉइड यांनी तो काळ कमी होतो. हायड्रोक्विनोन प्रभावी आहे, परंतु ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली तीन-चार महिन्यांपुरतेच वापरावे. वर्षानुवर्षे लावल्यास त्वचेत निळसर-काळा, न जाणारा रंग उतरू शकतो. दुकानातून परस्पर आणलेली, स्टेरॉइड मिसळलेली गोरेपणाची मलमे तर मुळीच लावू नयेत. सनस्क्रीनशिवाय यांतले काहीही टिकत नाही.

शस्त्रक्रिया आणि जुने वण

वण रुंद असेल, चुकीच्या दिशेला गेला असेल किंवा त्वचा ओढत असेल तर तो शस्त्रक्रियेने बदलता येतो. दिसण्यासाठी करायच्या शस्त्रक्रियेला मूळ जखमेनंतर सुमारे वर्षभर थांबावे, कारण तोवर वण स्वतःच बदलत असतो. पापणी बंद होत नसेल, तोंड उघडत नसेल किंवा लहान मुलाची बोटे वाकडी वाढत असतील तर मात्र थांबू नये. आखडलेल्या रेषेची दिशा बदलण्यासाठी झेड-प्लास्टी करतात : वणाच्या दोन्ही टोकांना तिरके छेद देऊन त्वचेचे दोन त्रिकोण एकमेकांच्या जागी फिरवतात. हे छेद ६० अंशांच्या कोनात असले तर त्या दिशेची लांबी गणिताने सुमारे ७५ टक्क्यांनी वाढते. त्यानंतरची व्यायामचिकित्सा चुकवली तर मिळालेली लांबी पुन्हा आखडते.

उपचार चालू असताना किंवा ते पुरेसे न ठरल्यास वण झाकण्यातही गैर काही नाही. लाल वणावर आधी हिरवट करेक्टर आणि त्यावर त्वचेच्या रंगाचा दाट क्रीम लावल्यास लाली झाकली जाते. पांढऱ्या पडलेल्या वणात तज्ज्ञांकडून वैद्यकीय रंगभरण करून घेता येते, फक्त केलॉइडची प्रवृत्ती असलेल्यांनी ते टाळावे.

जुन्या वणात, विशेषतः भाजल्याच्या, कित्येक वर्षांनी जखम उघडली आणि ती आठवडे उलटूनही भरत नसेल, तिच्या कडा जाड होत असतील किंवा तिथून सहज रक्त येत असेल, तर ते वणात उद्भवलेल्या त्वचेच्या कर्करोगाचे लक्षण असू शकते. कोणतीही इजा झालेली नसताना उमटून वाढत जाणारी, वणासारखी दिसणारी कडक गाठही तपासून घ्यावी लागते. अशा दोन्ही ठिकाणी मलम, लेझर किंवा इंजेक्शन सुरू करण्याआधी त्वचेचा लहान तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घ्यावा, आणि डॉक्टरांनी आपणहून ते सुचवले नाही तर तसे विचारावे.